बागेतल्या गाड्या आणि खरात सिस्टर

आमच्या गावच्या बागेत पाणीपुरी खायची तर आधी थोडं थांबावं लागतं. गर्दी असते म्हणून नव्हे. बाबूलालची नखं कापून व्हायची असतात म्हणून.

पहिल्यांदा ते दृश्य पाहिलं तेव्हा मला वाटलं, भांडण जुंपलंय. गाडीच्या त्या बाजूला धिप्पाड बाबूलाल, या बाजूला त्याच्या कोपराला लागेल एवढी एक बाई. बाईनं त्याचा उजवा हात मनगटाला धरून बल्बखाली ओढलेला आणि नेलकटर कटकट चाललेलं. बाबूलाल तोंड वाकडं करून "हळू सिस्टर, हळू" म्हणतोय. मागं रांगेतली माणसं मात्र निवांत. त्यातल्या एकानं मला धीर दिला, "अंगठाच राह्यला आता, सर. होऊन जाईल."

तर या आमच्या खरात सिस्टर.

गावाचं नाव सांगत नाही. जालना जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे एवढं समजा. बागेच्या तोंडाशी 'आय लव्ह' आणि पुढं गावाचं नाव अशी मोठी लाल अक्षरं उभी केली आहेत, पण त्यातली दोन विझलेली असल्यामुळं ते नाव तिथंही कुणाला धड वाचता येत नाही. मी इथल्या हायस्कुलात मास्तर. डॉक्टरांनी साखरेसाठी चालायला सांगितलं म्हणून बागेत जायला लागलो आणि भज्यांच्या वासानं तिथंच राहिलो. सिस्टरची ओळख झाली ती अशी.

सिस्टर सरकारी नर्स होत्या. पहिली काही वर्षं घनसावंगीकडच्या खेड्यांत, उरलेली सगळी आमच्या गावात. मिस्टर बँकेत होते, ते वारले. मुलगा हैदराबादला कंपनीत, दर रविवारी न चुकता फोन करतो. रिटायर झाल्यावर माणसं देवाला लागतात, नाहीतर टीव्हीला. सिस्टर बागेला लागल्या.

गावातल्या तिशी-पस्तिशीच्या प्रत्येक माणसाला सिस्टरनी कधी ना कधी रडवलेलं आहे. कुणाला दंडात टोचलं, कुणाला मांडीत. त्यामुळं त्यांच्यापुढं कुणाचा रुबाब चालत नाही. तहसीलच्या बाबूनं एकदा त्यांना "उद्या या" म्हटलं. सिस्टर काउंटरवर वाकून प्रेमानं म्हणाल्या, "तू रेखाचा थोरला ना? गोवरची सुई घेताना टेबलावरच केल्तं तू." काम त्याच दिवशी झालं.

त्यांची भाषाही सगळी दवाखान्यातली. काम पार पडलं याला त्या 'टोचलं' म्हणतात. "लाइटबिल टोचलं का, सर?" "पुतणीचं लग्न जल्दी टोचून टाका, स्थळं पाहत बसू नका." आणि माणसं सुधारायची तर डोस द्यावे लागतात. "पहिला डोस गोडीचा. दुसरा आवाजाचा. तिसऱ्याला मी हातच धरते."

बागेतल्या गाडीवाल्यांनी हे तिन्ही डोस घेतलेले होते.

गाड्या पुष्कळ, पण मुख्य तीन. पाणीपुरीवाला बाबूलाल, मूळचा राजस्थानचा, इथंच लग्न करून इथलाच झालेला. भजीवाले गफूरभाई. आणि उकडलेल्या शेंगा आणि भाजलेली कणसं विकणारी सुमनबाई. गफूरभाई आधी पेपरात भजी बांधून द्यायचे. सिस्टरनी तो कागद हातातून ओढला. "शाई खाऊ घालून राह्यले का लोकाला? बातम्या वाचायच्या असतात गफूरभाई, चाटायच्या न्हाईत." तेव्हापासून गफूरभाईंकडं पळसाच्या पानांचे द्रोण आले. सुमनबाई कणसाला मीठ-लिंबू चोळायची, अर्धं लिंबू संध्याकाळभर. सिस्टरनी ते लिंबू दोन बोटांत उचलून उजेडात धरलं. "सुमे, हे लिंबू हाय का पोतेरं?"

"तुम्हाला हा अधिकार कोणी दिला?" असं त्यांना कधीच कुणी विचारलं नाही. विचारणाऱ्याचा जन्म त्यांना आठवला असता.

तपासणी आटोपली की सिस्टर स्वतः एक प्लेट पाणीपुरी खायच्या, एकदम तिखट, नाकाडोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग पदरानं तोंड पुसून बाबूलालला म्हणायच्या, "पुदिना कमी पडून राह्यला." बाबूलाल खूश. नखाची वेदना तिथं विसरायचा.

आणि मग बाग नवी झाली.

चारपाच महिने पत्रे लावून बंद होती. उघडली तेव्हा फरशीचे रस्ते, व्यायामाची यंत्रं, कारंजं, मघाशी सांगितलेली लाल अक्षरं, सगळं चकाचक. गाडीवाले अंघोळी करून, गाड्या धुऊन आले होते. बाबूलालनं गाडीला झेंडूचा हार घातला होता. फाटकाशी नवा निळा फलक. त्यावर बऱ्याच सूचना होत्या आणि सगळ्यांत खाली, सगळ्यांत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की बागेत आणि बागेच्या फाटकासमोर खाद्यपदार्थांच्या गाड्या लावण्यास सक्त मनाई आहे. गाड्यांसाठी बायपासच्या पलीकडं, बैलबाजाराच्या मैदानात जागा दिली आहे.

बाबूलालला वाचता येत नाही. तो सुमनबाईला विचारत होता, "क्या लिख्या है ताई? टायमिंग लिख्या है?"

सुमनबाई म्हणाली, "आपल्याला हाकललं."

बैलबाजाराच्या मैदानात आठवड्यातून एकदा बैल येतात. माणूस पाणीपुरी खायला तिथवर कशाला जाईल? गफूरभाई गाडीच्या दांडीवर टेकून बसले. झेंडूचा हार लावलेली गाडी तशीच उभी राहिली.

तेवढ्यात सिस्टर आल्या. चष्मा लावून फलक वरपासून खालपर्यंत वाचला. मी पुढं होऊन म्हटलं, "सिस्टर, तुमच्या मनासारखं झालं की! गेली एकदाची घाण."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. चुकीच्या दंडात टोचून घेतलेल्या पोराकडं पाहावं तसं.

"सर, नियम म्हंजी काय हो? हात धुवा, हा नियम. झाकण ठेवा, हा नियम. हातच तोडून टाका म्हंजी घाण राहणार न्हाई, हा नियम हाय का?"

"पण सिस्टर..."

"चला."

"कुठं?"

"नगरपंचायतीत. तुम्ही मास्तर हायत, तुमचं वजन पडतं." माझं वजन फक्त डॉक्टरांच्या काट्यावर पडतं हे त्यांना माहीत होतं, पण मी निघालो. रस्ताभर त्या एवढ्या झपाझप चालत होत्या की माझं त्या दिवसाचं चालणं तिथंच पुरं झालं.

नगरपंचायतीचे मुख्याधिकारी नवे होते. तरुण, चष्मेवाले, बोलायला मऊ. त्यांच्यासमोरच्या खुर्चीत आमच्या वॉर्डाचे नगरसेवक बंडूशेठ बसलेले, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. बाग त्यांच्या पुढाकारानं नवी झाली होती आणि गाड्या हलवण्याचा आग्रहही त्यांचाच होता.

साहेबांनी शांतपणे सांगितलं, "सिस्टर, तक्रारी आल्यात. झोक्याशेजारी गॅसची शेगडी पेटवतात. कागद-द्रोण जागेवर टाकतात. मागं एका लेकराला जुलाब झाले होते."

"सगळं खरं हाय," सिस्टर म्हणाल्या.

साहेब वादाच्या तयारीत होते. "खरं आहे?"

"बिलकुल खरं. पण साहेब, जुलाब झाले म्हणून लेकराचं खाणंपिणं बंद करतात का? मीठ-साखरेचं पाणी पाजतात. घोट घोट. बागेलाबी तसंच पाजा ना. नियम करा. पाळले न्हाईत तर मी स्वतः गाड्या ढकलत बैलबाजारात नेऊन घालते."

बंडूशेठ मध्ये बोलले, "मावशी, असं जमत नसतंय. चांगली बाग केलीय, आता पुन्हा भज्यांचा धूर?"

सिस्टर त्यांच्याकडं वळल्या. आवाज एकदम गोड. मी मनात म्हटलं, संपलं.

"बंडू, तू पायाळू ना रे? पाय आधी बाहेर आल्ते तुझे. आईला लई दमवलंस त्या दिवशी." साहेबांनी पेन खाली ठेवलं. "पायाळू माणसाची लाथ बसली की लोकांची कंबर बरी होते म्हणतात. मंग तू कंबरा सोडून लोकांच्या पोटावर काहून मारून राह्यला?"

साहेबांना खोकला आला. तो खोकला नव्हता. बंडूशेठ आधी लाल झाले, मग तेच फसकन हसले. "मावशी, हे बाहेर कुणाला सांगू नका."

"गाड्या राहू दे, मंग न्हाई सांगत."

साहेबांनी डोळे पुसले आणि मग सरळ बसून बोलले. गाड्या मागच्या कोपऱ्यात, झोक्यांपासून लांब. प्रत्येक पदार्थावर झाकण. पिण्याचं पाणी स्वच्छ. डोक्याला टोपी, हातात मोजे. प्रत्येक गाडीशेजारी कचऱ्याचा डबा, आणि बाग बंद होण्याआधी आपला कचरा आपण उचलायचा. "शनिवारी संध्याकाळी मी स्वतः येतो. नीट दिसलं तर फलक बदलू. नाही दिसलं तर मला पुन्हा सांगायला येऊ नका."

"टोचलं!" सिस्टर म्हणाल्या. साहेबांना ते कळलं नाही, पण त्यांनी मान हलवली.

शनिवारपर्यंतचे दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. सिस्टरनी पोलिओची मोहीम असावी तसं काम काढलं. शाळा सुटली की मला घरून उचलायच्या. बागेच्या मागच्या भिंतीशी गाडीवाले रांगेनं उभे. सिस्टर पुढं, हातात साबण.

"बोटांच्या मधी! मधी! वरवर चोळून काय होतं, मुलगी पाहायला आले का?"

बाबूलालची अडचण मोज्यांची झाली. पुरी अंगठ्यानं फोडायची तर बोटाला तिचा जाडपणा कळावा लागतो. मोजे घातले की पुरीचा चुरा. "सिस्टर, ये तो बोट अंधा हो गया," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. सिस्टर बाजूला उभ्या राहून ओरडत होत्या, "जोर कमी! बाळाची टाळू समजून हात लाव!" हळूहळू जमलं. चुरा झालेल्या पुऱ्या वाया जाऊ नयेत म्हणून त्या मी खाल्ल्या.

गफूरभाईंनी टोपी घातली, पण दाढीवर बोट ठेवून विचारलं, "इसका क्या करना, सिस्टर? इसका नियम नै है." सिस्टरनाही प्रश्न पडला. शेवटी तोंडाला फडकं बांधायचं ठरलं. मग गफूरभाईंचं बोलणं कुणालाच कळेना. "दो प्लेट" म्हटलं की "ढोकळेत" ऐकू यायचं आणि गिऱ्हाईक म्हणायचं, ढोकळा कधीपासून?

सुमनबाई एप्रनला तयार होईना. "साडीवरून ते घातलं की मी कंपौंडर दिसते." सिस्टरनी ट्रंकेतून आपला जुना पांढरा एप्रन काढून आणला, इस्त्री करून. "हा घाल. हा घालून मी तुझ्या दोन पोरींना जगात आणलंय." सुमनबाईनं तो लगेच घातला. तिला तो गुडघ्याच्या वरच आला, पण तिनं नंतर कुणाला हसू दिलं नाही.

रंगीत तालमीत साहेबांचं काम माझ्याकडं होतं. मी गंभीर चेहरा करून गाडीगाडीवर जायचो, झाकण उचलून पाहायचो आणि खायचो. सगळ्याच गाड्यांवर खायला लागायचं, कारण साहेब कुठली निवडतील सांगता येत नव्हतं. घरी बायको म्हणाली, "चालायला जाता तरी पोट का वाढतंय?" मी म्हटलं, "सार्वजनिक काम आहे."

शनिवार उजाडला. बातमी गावभर झालेली, त्यामुळं संध्याकाळी बागेत जत्रा. माणसं खायला कमी, बघायला जास्त. बाबूलालच्या कपाळावर घाम. कोपऱ्यात गाड्या एका ओळीत, झाकणं चमकतायत, डबे जागच्या जागी, पेरणीआधीच्या वावरासारखं सगळं साफ.

इथं एक सांगायला हवं. आमच्या गावात एक मोकाट वळू आहे. कुणाला वाट देत नाही, कुणाचं ऐकत नाही, दुपारी रस्त्याच्या मधोमध बसतो. म्हणून त्याला सगळे 'साहेब' म्हणतात.

फाटकाकडून कुणीतरी ओरडलं, "साहेब आले! साहेब आले!"

सगळे सावरून उभे राहिले. सुमनबाईनं एप्रन ओढला. बंडूशेठ गुच्छ घेऊन पुढं धावले आणि तसेच उलटे धावत आले. फाटकातून वळू येत होता. रमतगमत, थेट कोपऱ्याकडं. हुसकायला माणसं धावली तसा तो बिथरला. एक डबा शिंगानं उडवला, दुसरा पायानं. दिवसभरचे द्रोण, शेंगांची टरफलं, कणसांच्या पात्या. त्यात उन्हाळी वारा सुटलेला. बघता बघता कारंज्यापासून झोक्यापर्यंत सगळी बाग कचऱ्यानं माखली.

"साहेबांनी कचऱ्यात तोंड घातलं हो!" कुणीतरी बोंबललं. आणि त्याच क्षणी खरे साहेब जीपमधून उतरून फाटकात उभे राहिले.

बाबूलालनं डोळे मिटले. गफूरभाईंनी तोंडावरचं फडकं खाली ओढलं, म्हणजे श्वास तरी नीट घेता येईल.

सिस्टर कारंज्याच्या कट्ट्यावर चढल्या. एवढीशी बाई, पण आवाज पार वेशीपर्यंत गेला असेल.

"बघून काय राह्यले? खाल्लं कोणी? तुम्हीच ना? मंग उचला! चला, जल्दी! बायका झोक्याकडून, माणसं इकडून!"

आणि गाव वाकलं. खरंच वाकलं. जी माणसं शेंग खाऊन टरफल जागेवर सोडतात, ती द्रोणामागं पळत होती. म्हातारे बाकाखाली हात घालत होते. हायस्कुलातली माझी पोरं कारंज्याच्या हौदात उतरून पात्या काढत होती. बंडूशेठ गुच्छ धरून उभे होते. कट्ट्यावरून आवाज आला, "पायाळू! वाक!" गावात जी गोष्ट कुणाला कळू नये म्हणून त्यांनी गाड्या राहू द्यायचं कबूल केलं होतं ती अशी सगळ्या गावाला कळली, पण त्या गडबडीत ते बिचारे वाकले. वाऱ्यानं एक द्रोण उडत उडत साहेबांच्या बुटापाशी येऊन थांबला. साहेबांनी इकडंतिकडं पाहिलं. मग तेही वाकले.

वळू एका बाजूला कणसाच्या पात्या खात शांतपणे बघत होता.

बाग पुन्हा स्वच्छ झाली तेव्हा सगळे धापा टाकत होते आणि सगळे हसत होते. साहेब कोपऱ्याकडं आले. "सिस्टर, हे ठरवून केलं का?"

"वळूला कोण शिकवणार, साहेब?"

साहेबांनी गाड्या पाहिल्या, झाकणं उचलली, पाण्याची पिंपं पाहिली. मग बाबूलालसमोर थांबले आणि हात पुढं केला. बाबूलालनं मोजे घातलेली बोटं पुरीवर ठेवली. तेवढ्यात सिस्टर मध्ये पडल्या.

"थांबा. कचरा उचललाय तुम्ही. आधी हात."

साहेब निमूटपणे नळावर गेले. त्यांच्या मागं बंडूशेठ. त्यांच्या मागं सगळं गाव रांगेत. साबण संपला, दुसरा आणला.

बाबूलालचा घाबरून हात सुटला आणि साहेबांच्या पुरीत तिखट डबल पडलं. साहेबांनी ती तोंडात टाकली. चष्म्यामागं डोळे भरून आले. कपाळ लाल. बाग श्वास धरून बघतेय. साहेबांनी कसंबसं गिळलं, मोठा श्वास घेतला आणि प्लेट पुढं केली.

"अजून एक."

असा गलका उठला की वळू पहिल्यांदा स्वतःहून फाटकाबाहेर गेला.

त्याच ठिकाणी उभ्या उभ्या साहेबांनी सांगितलं, गाड्या इथंच राहतील. आठवड्यातून एक दिवस मात्र बाग पूर्ण बंद, धुण्यापुसण्यासाठी. कुठला वार ठेवायचा? सुमनबाई म्हणाली, रविवार तर धंद्याचा. गफूरभाई शुक्रवार म्हणाले, बाबूलाल सोमवार म्हणाला, आणि सगळे एकदम बोलायला लागले.

"मंगळवार," सिस्टर म्हणाल्या, आणि मंगळवार ठरला.

त्या संध्याकाळी गफूरभाईंनी शेवटचा घाणा सगळ्यांत वाटून टाकला. कुणीतरी हलगी आणली. सुमनबाई एप्रनसकट नाचली. सिस्टर बाकावर बसून बाबूलालला सांगत होत्या, "पुदिना आज बराबर हाय."

पुढच्या मंगळवारी मी सुट्टी टाकून पुतणीच्या स्थळाच्या चौकशीला घनसावंगीकडं निघालो होतो. बसमध्ये खिडकीशी सिस्टर. मांडीवर पिशवी. मला बघून थोड्या अवघडल्या, पण जागा दिली. वाटेत डबा उघडला. मेथीची भाजी, भाकरी, ठेचा. "घ्या सर. एकटीनं खाल्लेलं अंगी लागत न्हाई." आम्ही दोघांनी मिळून डबा चाटूनपुसून संपवला.

एका फाट्यावर दोघंही उतरलो. मला तिथून जीप धरायची होती, पण जीप भरली नव्हती आणि ड्रायव्हर झोपलेला. "चला, च्या घेऊ," सिस्टर म्हणाल्या. "हितंच गाव हाय. माझी पहिली पोस्टिंग."

चालता चालता त्या हळू आवाजात बोलत होत्या. बागेतला तो आवाजच नव्हता.

"वीस-एकवीस वर्षांची आल्ते मी हितं. सरकारी क्वार्टर पडकं. गावात खोली मिळंना. काहून, ते तुम्हाला सांगायला नको, सर. सुया टोचून घ्यायचे माझ्याकडून, पण खोली म्हटलं की सगळ्यांच्या खोल्या भरलेल्या. राधामाय हितली सुईण. पाटलाच्या घरातली बाई, पण बाळंतपणं सगळ्यांची करायची. ती आली, माझी ट्रंक उचलली आणि चालायला लागली. म्हणाली, माझ्या चुलीपाशी जागा हाय. घरच्यांनी लई आदळआपट केली. तिनं ऐकलं न्हाई." मग पिशवी दुसऱ्या हातात घेऊन म्हणाल्या, "माझी आई मी सहावीत असतानाच गेल्ती."

राधामायचं घर गावाच्या कडेला होतं. सून दारात भेटली, सिस्टरना बघून हसली आणि मला बसायला खुर्ची देऊन चहा टाकायला आत गेली. ओसरीवर बाजेवर एक म्हातारी बसली होती. हाडाची काडी, डोळ्यांवर पांढरा पडदा. सून आतून म्हणाली, "आता कोणालाच ओळखीत न्हाई हो सिस्टर. मला बी सटवे म्हणती."

सिस्टरनी पिशवीतून खोबऱ्याचं तेल काढलं, म्हातारीचे केस सोडले आणि मागं बसून तेल लावायला लागल्या. लावता लावता सांगायलाही लागल्या. बाग, फलक, साहेब, वळू, सगळं. हात करून, हसून, शाळेतून आलेली पोर सांगते तसं. "मंग मी कट्ट्यावर चढले, माय. आणि म्हटलं, उचला! तर साहेबबी वाकला!" म्हातारीला ऐकू येत होतं की नाही कोण जाणे. ती समोर भिंतीकडं बघत होती.

सुनेनं म्हातारीपुढं दुधात कुस्करलेल्या भाकरीची ताटली ठेवली आणि मला चहा दिला.

म्हातारीनं ताटली चाचपली. मग मान वळवून विचारलं, "कोण हाय गं माघं?"

"मी."

"मी कोण?"

सिस्टरनी नाव सांगितलं नाही. "मी हाय, माय. दवाखान्यातली."

म्हातारीनं ताटली जवळ ओढली. काही आठवलं असेल असं वाटलं नाही. पण मग ती म्हणाली, "जेवली का गं पोरी?"

सिस्टरनी माझ्याकडं पाहिलं. मी कपात पाहिलं.

"न्हाई माय," त्या म्हणाल्या. "सकाळपासून काईच न्हाई."

"मंग ये की पुढं."

सिस्टर बाजेवरून उतरून तिच्या पुढ्यात जमिनीवर बसल्या. म्हातारीनं दूधभाकरीचा घास केला, अंदाजानं पुढं धरला. सिस्टरनी तोंड उघडलं.

तिकडं फाट्यावर जीपवाला हॉर्न वाजवत होता. मी कप खाली ठेवला, पण लगेच उठलो नाही.